दाब, धर, सोड

गाडी तिच्या बाबांची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पुढे ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, खोट काढायची आणि पुढच्या गावाला निघायचं. डिकीत पितळी वजनांच्या पेट्या, त्यामुळे गाडी मागून कायम बसलेली. रंग म्हणाल तर जास्त दुधाच्या चहासारखा. लहानपणी ती शेजारच्या सीटवर बसायची आणि सगळ्यात बारक्या वजनांची पेटी मांडीवर धरायची, कारण मागे ठेवली तर ती खडखडून झिजतात, आणि झिजलेलं वजन म्हणजे बाबांच्या लेखी सरळ सरळ चोरी. बाबांचा उजवा पाय घोट्यातून बाहेरच्या अंगाला वळलेला होता. ब्रेक दाबायचे ते बुटाच्या कडेने. जन्मभर तसाच दाबल्यामुळे पेडलचं रबर एका बाजूला पार झिजून खालचं लोखंड दिसायला लागलं होतं आणि दुसऱ्या बाजूला मात्र नव्यासारखं करकरीत. गॅरेजवाला म्हणायचा, बदलून टाका हो. बाबा म्हणायचे, मला त्याची न् त्याला माझी सवय झालीये, राहू दे.

बाबा गेले तेव्हा भाऊ गाडी भंगारात घालायला निघाला होता. ती मध्ये पडली. नवऱ्यानेही तिची बाजू घेतली, हे श्रेय त्याच्या पदरात टाकायलाच हवं. "माझ्याकडे दे," तो म्हणाला, "होती तशी उभी करून देतो. तुझ्या बाबांची गाडी आहे ती, कुणा परक्याची आहे का?" त्या वाक्यावर तिचा जीव इतका भरून आला, की गाडी ठेवण्यासाठी घराशेजारची शेड रिकामी करायला लागेल, हे तिने त्याच्या आधी स्वतःच सुचवलं. शेडमध्ये तिचं शिलाई मशीन होतं. ते पॅसेजमध्ये आलं, बुटांच्या मांडणीशेजारी, आणि तिथेच राहिलं.

ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कुणाचा कोट सैल करायचा, कुणाची बाही आखूड करायची. या कामातली खुबी अशी, की कोट घालणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माझाच कोट, आणि माझ्याच मापाचा झाला. आपला हात लागलाय हे कुणाला दिसता कामा नये. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या कामात कुणी सुधारणा करू देत नाही, तिथे ज्या नटाच्या जागी जो नट तोच बसवायचा. आठवडाभर दाबून ठेवलेली ती सगळी हौस रविवारी शेडमध्ये बाहेर पडायची.

सुरुवात इंजिनापासून झाली. जुनं इंजिन म्हणे धापा टाकत होतं, त्याच्या जागी दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं दांडगं इंजिन आलं. ते मावेना म्हणून बॉनेट कापलं. इंजिन दांडगं, तर चाकं तशीच हवीत. मग रुंद चाकं आली, आणि ती आत बसेनात म्हणून चाकांवरचा पत्रा कापून बाहेर फुगवला. मागची सीट गेली. रंग गेला, गाडी काळी कुळकुळीत झाली. बाबा बोटं गुंडाळून धरायचे ते पातळ मोठं स्टिअरिंग गेलं, तिथे थाळीएवढं, जाडजूड, चामडं गुंडाळलेलं आलं. दर वेळी तो म्हणायचा, एवढं बदललं की झालं. आणि ती दर वेळी म्हणायची, "अहो, होती तशी म्हणाला होतात."

"तशीच आहे. सुधारतोय फक्त."

एकदा तिने त्याला सांगूनही पाहिलं, की मी गिऱ्हाइकाचा कोट असा सुधारला तर तो माझ्या तोंडावर फेकेल. तो मनापासून हसला. त्याला ते विनोदी वाटलं.

सासूबाई खिडकीतून हे सगळं बघायच्या. त्यांचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. "माझ्या आजारपणात याने कधी माझ्या अंगाला तेल लावलं नाही," त्या म्हणायच्या, "आणि या गाडीची बडदास्त बघा, जावई घरी आल्यासारखी." एकदा त्यांनी सुनेला विचारलं, "तुझ्या बापाची गाडी होती ना गं ती? मग हा तिचं करतोय तरी काय?" सगळ्या घरात तो प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पण त्यांनी तो मुलाला कधी विचारला नाही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

आता ब्रेकचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच घडलं.

ब्रेकच्या नळ्यांमधून तेल फिरतं. त्यात हवेचा एवढासा बुडबुडा जरी राहिला तरी पेडल उशीसारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी आडवा होऊन एक बारका स्क्रू सैल करतो, तिथून तेल आणि हवा बाहेर पडते, की लगेच स्क्रू आवळायचा. तो आवळल्याशिवाय आतल्याने पाय उचलायचा नाही. उचलला, तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून शहाणी माणसं त्या स्क्रूला नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे पाय चुकलाच तरी फारसं बिघडत नाही. तिचा नवरा ते करायचा नाही. नळी नाही, बाटली नाही. खाली एक फडकं आणि तो. "बाटली त्यांना लागते, ज्यांना पायाचा भरवसा नसतो," असं तो कामावरच्या मित्रांना सांगायचा. "आमच्या हिचा पाय म्हणजे एकदम पक्का. जन्म मशीनवर गेलाय. सुई जिथे थांबवायची तिथेच थांबवते."

ते खरंही होतं. नव्या इंजिनाच्या वेळी हवा काढली, नव्या चाकांच्या वेळी काढली, आणि प्रत्येक वेळी ती आत बसून पाय देत आली. बाहेरून आवाज यायचा, "दाब." ती दाबायची. "धर." ती म्हणायची, "धरलंय." पाना करकरायचा, तेल पिचकायचं, पाना परत करकरायचा. "सोड." बाबांच्या बुटाने जिथे रबर खाल्लं होतं, बरोब्बर त्या खळग्यात तिचा अनवाणी अंगठा बसायचा. हवा काढण्याचा रविवार तिला आवडायचा. असं तिने कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं.

मग एक दिवस दातांचा डॉक्टर आला. कुणाकडून तरी ऐकून आला होता. गाडीभोवती फिरला, वाकून बघितलं, काळ्या पत्र्यावरून हात फिरवला, आणि म्हणाला, "विकायची असेल तर सांगा." नवऱ्याने विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. रस्त्यावर काढण्यापुरतं ब्रेकचं शेवटचं काम राहिलंय, ते झालं की घेऊन जा, म्हणाला. तिला हे कळलं ते चहाचे कप उचलताना.

"विकली?" ती म्हणाली.

"अगं, अशा गाड्या कुणी जन्मभर ठेवतं का? बनवायच्या आणि पुढे द्यायच्या. त्यातच गंमत असते."

"ती बाबांची आहे."

"तू कुठे बसतेस तिच्यात?"

"बसायला सीट ठेवलीत का?" ती म्हणाली. कारण शेजारची सीटही त्याने वजन कमी करायचं म्हणून काढून टाकली होती.

त्यावर तो जे बोलला ते रागाने बोलला असता तर तिने गिळलं असतं. तो अगदी समजुतीने बोलला, लहान मुलाशी बोलतात तसं. "जरा नीट बघ. सगळी माझ्या हातची आहे ती. तुझ्या बाबांचं आता राहिलंय काय त्यात?"

तो आंघोळीला गेल्यावर तिने खरंच जाऊन बघितलं. दारं नवी, काचा नव्या, डॅशबोर्ड नवा, तळाचा पत्राही नवा. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून चाचपलं, तिथे पूर्वी नेहमी एखादं हरवलेलं बारकं वजन सापडायचं, काही नव्हतं. शेवटी तिने खाली बघितलं. ब्रेकचं पेडल तेवढं उरलं होतं. एका अंगाला झिजलेलं, वाकड्या पायाचं. ते का राहिलं असेल? आवडलं म्हणून नव्हे. त्याचं लक्ष गेलं नव्हतं, इतकंच.

तिला रडू वगैरे आलं नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

त्या रविवारी तो चाकापाशी आडवा झाला आणि म्हणाला, "दाब." तिने दाबलं. "धर." "धरलंय," ती म्हणाली, आणि स्क्रू परत आवळला जायच्या नेमक्या आधी अंगठा हलकेच वर घेतला. तेवढं पुरलं. कुठे सुई थांबवायची हे कळणाऱ्या पायाला कुठे थांबवायची नाही हेही कळतं. चारी चाकं झाली. तो आत येऊन बसला, पेडल दाबलं, आणि ते उशीसारखं आत गेलं.

"हवा राहिलीये कुठेतरी," तो म्हणाला.

पुन्हा सगळं केलं. पुन्हा उशी. त्याने मागच्या नळ्या बदलल्या. पुढच्या बदलल्या. जोड उघडून पाहिले, बंद केले. रविवारमागून रविवार जायला लागले. डॉक्टरचे फोन यायचे, आणि एरवी फोनवर रुबाबात बोलणारा तिचा नवरा चाचरायचा. "अहो, होतंय. एक किरकोळ गोष्ट आहे. ब्रेकचं असं घाईत करून चालत नाही." खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायला लागलं. आठवडाभर ती पॅसेजमध्ये लोकांच्या बाह्या आखूड करायची आणि रविवारी शेडमध्ये जाऊन त्याला रडकुंडीला आणायची. त्याने ब्रेकचा पंपच नवा आणला, तेव्हा तर तिने हसू दाबण्यासाठी ओठ चावला.

आणि एवढं होऊनही त्याने एकदासुद्धा तिच्या पायाकडे बघितलं नाही. तेलावर संशय घेतला, पंप देणाऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या, स्वतःच्या हाताला दोष दिला. एकदा तर घामाघूम होऊन तिच्याशेजारी उघड्या पत्र्यावर बसला आणि म्हणाला, "तुला उगाच त्रास देतोय गं मी. पाय दुखत असेल." तिला त्या क्षणी शरम वाटली. पण गाडी विकू नका, एवढंच त्याने ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का? तिने "नाही दुखत" म्हटलं आणि अंगठा परत पेडलवर ठेवला.

शेवटी डॉक्टरने सांगून टाकलं, येत्या रविवारी नाही मिळाली तर मी दुसरीकडे बघतो. नवऱ्याने ते जेवताना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं होईल, ब्याद टळेल." ती पोळ्या वाढत राहिली. एकच रविवार काढायचा होता. त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

शनिवारी ती गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परत आली, तर शेडमधून शीळ ऐकू येत होती. तो शीळ घालत होता म्हणजे काम जमलं होतं.

"सापडलं," तो म्हणाला. "इतके दिवस आपण नळ्या बदलतोय, पंप बदलतोय, आणि खोट कुठे होती माहितीये? पेडलमध्ये. हे बघ, कसं एकीकडे ओढतं. तिरकं दाबून दाबून बुडातच ढिलं झालंय. सरळ परत येतच नाही, मग पंपात तेल भरणार कसं?"

पेडल त्याच्या हातात होतं. गाडीत त्याच्या जागी एक चकचकीत, भोकाभोकांचं नवं पेडल बसलेलं होतं.

तिने हात पुढे केला. त्याने पेडल तिच्या हातावर ठेवलं. वाटलं होतं त्याहून जड निघालं.

"हे मी ठेवते," ती म्हणाली.

"ठेव की. मला काय करायचंय त्याचं? तूच घे." आणि जरा थांबून म्हणाला, "चल, बस आत. आता शेवटचं."

तिने पेडल पॅसेजमध्ये नेऊन मशीनच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवलं. परत येऊन ती आत बसली. नव्या पेडलवर अंगठा ठेवला. ते गार आणि सपाट होतं, पाय कुठेही ठेवा, सगळीकडे सारखंच. आता त्या गाडीत अडवून धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे होतं ते तिच्या खणात होतं. "दाब." तिने दाबलं. "धर." "धरलंय." या वेळी तिने खरोखर धरलं, "सोड" म्हणेपर्यंत धरलं, चारी चाकांना. तो आत येऊन बसला, पेडल दाबलं. ते दगडासारखं घट्ट लागलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "पेडलच होतं."

रविवारी डॉक्टर आला. नवऱ्याने गाडी रस्त्यावर काढली, एक चक्कर मारून आणली, जोरात ब्रेक लावून दाखवला. डॉक्टर खूश झाला. "इतके दिवस नेमकं अडलं होतं कुठे?" त्याने विचारलं.

"थांबा, दाखवतोच तुम्हाला," नवरा म्हणाला आणि आत गेला. मशीनचा खण उघडल्याचा आवाज तिला बाहेर अंगणात ऐकू आला. रिळं खाली सांडली. तो पेडल घेऊन बाहेर आला.

"हे बघा. कसं झिजलंय, एका बाजूला. आधीच्या मालकाला ब्रेकवर पाय कसा ठेवायचा तेच माहीत नव्हतं. असा माणूस इतकी वर्षं गाडी चालवत होता म्हणजे नशीबच म्हणायचं, दुसऱ्यांचं."

आधीचा मालक. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात खोड काढण्याचा हेतू नव्हता, टोमणा नव्हता. तो खरोखरच विसरला होता.

डॉक्टरने पेडल हातात घेऊन उलटसुलट केलं. "गमतीदार आहे हो. हे मी नेऊ? दवाखान्यात बसायच्या खोलीत भिंतीवर लावतो. लोकांना बोलायला विषय."

"न्या ना. नाही तरी पडूनच राहणार."

"ते मला दिलंय," ती म्हणाली.

"अगं, काय करणार आहेस तू त्याचं?"

"ते माझ्या बाबांचं आहे. आणि त्यात काही खोट नव्हती." तिचा आवाज चढला होता, तिला ते कळत होतं, पण आता तिला पर्वा नव्हती. "पाय मी उचलत होते. तुम्ही आवळायच्या आधी. दर रविवारी. गाडी जाऊ नये म्हणून. पेडल चांगलं होतं, बाबांचा पायही चांगला होता. मी मुद्दाम करत होते."

नवरा हसला. कुत्सित हसला असता तरी चाललं असतं. तो प्रेमाने हसला.

"बघा, डॉक्टर," तो म्हणाला, "वडिलांना बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतेय. अहो, हिचा पाय चुकणं शक्य आहे का? जगातली एकेक गोष्ट मी तपासली, फक्त हिचा पाय तपासला नाही. तशी गरजच नाही." आणि तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "उगाच मनाला लावून घेऊ नकोस. पेडल आहे ते."

डॉक्टरही हसला, जरा अवघडून, आणि पेडल त्याने रिकाम्या जागेत ठेवलं, जिथे पूर्वी शेजारची सीट असायची. मग दार लावून घेतलं. गाडी अंगणातून बाहेर पडली, कोपऱ्यावर तिचे मागचे दिवे लागले. ब्रेक चांगला लागला. ती वळली आणि गेली.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "गेली का एकदाची?"

नवऱ्याने शेड झाडून काढली. तेलाच्या डागांवर भुसा टाकला. ती पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून सांडलेली रिळं गोळा करत होती, तेव्हा तो हात पुसत दारात आला.

"मशीन शेडमध्ये नेऊ नकोस हं अजून," तो म्हणाला. "एक दुसरी बघून ठेवलीये. पुढच्या रविवारी येईल. ब्रेकपासूनच सुरुवात करू."